इनास सर जिथे थांबले होते

आमच्या घरात भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते. सासूबाई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि मी दर शनिवारी त्यांना सांगते, की या लिंबाचं सरबत छान झालं असतं. या सदरातले अनुभवही मी वाचायचे ते करमणूक म्हणून... त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा सकाळपासून दात काढतोय. काढू दे. माझ्या अनुभवात अमावास्या नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. एक पुस्तक आहे, आणि ते माझ्याशी हट्टाने वागत होतं.

मी विरारला फुलपाड्यात राहते आणि एका विद्यापीठाच्या वसईतल्या उपकेंद्रात सहायक ग्रंथपाल आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही — नोकरी आहे, उगाच कशाला! पहिल्या मजल्यावर वाचनकक्ष, पलीकडे जुन्या कागदपत्रांचा विभाग, आणि मधे काचेच्या कपाटांचा एक लांबट हॉल. लोकांनी दिलेले संग्रह आले की आम्ही तिथे प्रदर्शन लावतो. कपाटांना कुलूप असतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

तर, नंदाखाल गावच्या इनास सरांचा संग्रह आमच्याकडे आला. सर शाळेत मराठी शिकवायचे. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने, विल्सनने, घरातली सगळी पुस्तकं आम्हाला दिली. कथा, कादंबऱ्या, कधीच बंद पडलेली मासिकं, पदरमोड करून लेखकांनी स्वतःच छापलेली पुस्तकं... टेम्पो भरून! असं काही आलं की मला डबा खायची शुद्ध राहत नाही.

गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक पुस्तकात नारळाच्या झावळीची एक वाळलेली पात होती. विल्सनला विचारलं, तर म्हणाला, "ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून आशीर्वादाची झावळी आणतो ना मॅडम, तिच्या पाती पप्पा खुणेला ठेवायचे. दुसरी खूण त्यांनी कधी वापरलीच नाही."

मला फार गोड वाटलं ते. पण नियम म्हणजे नियम. पुस्तक रॅकवर जाण्याआधी त्यातलं फूल, पान, पाती सगळं बाहेर काढायचं, नाहीतर कीड लागते. आमचे ग्रंथपाल सावे सर तर पुस्तकात मोरपीस दिसलं तरी दचकतात. आम्ही सगळ्या पाती काढून पिशवीत भरल्या. आशीर्वादाची वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, म्हणून विल्सनने पिशवी परत नेऊन चर्चमध्ये दिली. राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख अशाच जुन्या झावळ्या जाळून करतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे इनास सर कोणत्या पुस्तकात कुठवर आले होते, याची एकही खूण उरली नाही.

मग उन्हाळ्यात प्रदर्शन लागलं. मधल्या कपाटात मी एक जुनी कादंबरी ठेवली. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण सुरुवातीलाच एका गलबताचं सुंदर रेखाचित्र होतं, म्हणून निवडली. पुस्तक लाकडी तिरक्या फळीवर उघडं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंची पानं पारदर्शक पट्टीने बांधायची, म्हणजे ती हलत नाहीत. मी चित्राचं पान उघडलं, पट्टी बांधली, कुलूप लावलं आणि घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर चित्र गायब! पुस्तक पार मधेच कुठेतरी उघडलेलं. दोन्ही पानांवर नुसता मजकूर, बघणाऱ्याला काय कळणार त्यातून? आणि पट्टी जशीच्या तशी, फक्त या नव्या पानांवर. मला वाटलं सावे सरांनी बदललं असेल. सरांना वाटलं मी बदललं. पुन्हा चित्राचं पान लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मजकुराचं पान... मला भीती वगैरे काही वाटली नाही, राग आला. प्रदर्शन मी लावलंय, पान कोणतं दाखवायचं ते मी ठरवणार ना?

सावे सरांकडे उत्तर तयार होतं. "अहो मॅडम, पुस्तकाच्या पाठीला सवय असते. एकाच पानावर खूप दिवस उघडं राहिलं असेल, तर ते तिथेच उघडतं."

"आणि पट्टी, सर? पट्टीलापण सवय असते?"

"तुम्ही सैल बांधत असाल." सरांना वादात हरवणं कठीण आहे, कारण ते लगेच मीटिंगला जातात. सीसीटीव्हीत संध्याकाळी दिवे बंद होईपर्यंत चित्राचं पान आणि सकाळी दिवे लागल्यावर मजकुराचं, एवढंच दिसलं. मधला सगळा काळोख. मी नाद सोडला. लोक गलबताच्या चित्राऐवजी मजकूर बघून पुढे जायला लागले.

मग एका शनिवारी विल्सन आईला घेऊन आला. उद्घाटनाला त्या येऊ शकल्या नव्हत्या, गुडघे दुखत होते. रेजिना आंटी म्हणजे लाल लुगडं, कानात जुन्या घडणीचं सोनं आणि चेहऱ्यावर कायम आताच कुणीतरी विनोद सांगितल्याचा भाव. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. मुलाचा दंड धरून त्या हॉलभर फिरल्या आणि मी एकेका कपाटात काय आहे ते सांगत होते.

मधेच त्यांनी विचारलं, "बाय, माझी गलबताची गोष्ट कुठे हाय?"

मी विल्सनकडे बघितलं. तो जरा ओशाळला. "मॅडम, मम्मीची नजर गेल्यापासून पप्पा रोज जेवल्यावर तिला वाचून दाखवायचे. शेवटी एक गलबताची कादंबरी चालली होती. तिला नाव माहीत नाही. पप्पा गेले त्या गडबडीत कुणीतरी ती कपाटात ठेवून दिली. मी शोधली हो, पण हजारभर पुस्तकांत कुठे सापडणार? शोधता शोधता मीच पुस्तकं देऊन टाकली."

"नाव कधी विचारलंच नाय," आंटी म्हणाल्या. "सर म्हणाले, रेजिना, आता उरलेलं उद्या. पात घातली पुस्तकात आणि झोपले. पहाटे बघतो तर सर गेले." घरातसुद्धा त्या नवऱ्याला सरच म्हणत असाव्यात. "माणूस गेला, तो देवाकडे गेला. त्याचं दुःख मी केलं. पण गोष्टीतली ती बाई तिथे बंदरावर उभी हाय ना अजून! वर्ष झालं. झोप येत नसली की तीच आठवते."

खरं सांगते, मी या हॉलमध्ये शेकडो लोकांना फिरवलंय, पण असं गलबलून कधी आलं नव्हतं. कारण गलबताची कादंबरी संग्रहात एकच होती आणि ती आमच्या समोरच्या कपाटात होती. मी कुलूप काढलं, पट्टी सोडली आणि पुस्तक होतं त्याच पानावर उघडं ठेवून टेबलावर आणलं. आंटींना खुर्ची दिली आणि वाचायला लागले.

गलबत चालवणारा तांडेल बरीच वर्षं परतलेला नाही. त्याच्या बायकोने निघताना शिडाला एक मोठं ठिगळ शिवून दिलंय. आता तिन्हीसांजेला लांबवर एक शीड दिसतंय आणि ती बंदरावर उभी राहून बघतेय की त्याला ठिगळ आहे का... मी वाचत होते आणि आंटींचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एक-दोनदा तर शब्द माझ्या आधी त्यांच्या तोंडून आले. उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीला त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"इथंच. इथंच पात घातली सरांनी. उलट पान."

मी पान उलटलं. विल्सन पुस्तकावर वाकून उभा होता. एवढा मोठा बँकेतला ऑफिसर, पण डोळे अगदी लहान पोरासारखे झाले होते. मी वाचलं... शिडाला ठिगळ होतं.

आंटींनी टाळी वाजवली! वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या, एरवी मी अशा वेळी 'श्शू' करते. त्या दिवशी नाही केलं. मायलेक आपल्या बोलीत भराभर बोलत होते, मला निम्मं कळलं, पण दोघं हसत होते आणि रडतही होते. आनंदाने भरून येणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं.

मी पुढे वाचायला लागले तर आंटींनी थांबवलं. "नाय, आज पुरे. सर एका दिवशी थोडंच वाचायचे." मग ठरलं की दर शनिवारी त्या येणार आणि जेवणाच्या सुट्टीत मी वाचणार. सावे सरांनी परवानगी दिली, फक्त म्हणाले, पुस्तक पुन्हा चित्राच्या पानावर ठेवा. मी ठेवलं.

सोमवारी येऊन बघितलं. पुस्तक उघडं होतं, पण जुन्या पानावर नव्हे. शनिवारी आम्ही जिथे थांबलो होतो, त्या पानावर!

मी सावे सरांना हात धरून ओढतच आणलं. "बोला सर, आता पाठीची नवी सवय का?" त्यांनी पट्टी तपासली, कुलूप तपासलं, चष्मा पुसला आणि मीटिंगला गेले. त्यानंतर दर आठवड्याला असंच. मी पान बदलायचे आणि सकाळी पुस्तक बरोब्बर आमच्या जागेवर असायचं. एकदा वाचताना मी बोलत बसले आणि कुठे थांबलो ते विसरले. पुस्तक विसरलं नाही.

आंटींना शेवटी हे सांगितलं तेव्हा वाटलं होतं घाबरतील. त्या म्हणाल्या, "त्यात काय? घंटा झाली तरी धडा अर्धा टाकून वर्गाबाहेर न पडणारा माणूस तो. पोरं कंटाळायची."

पावसाळ्याच्या शेवटाला कादंबरी संपली. मी पुस्तक चित्राच्या पानावर ठेवून गेले, आणि सोमवारी ते मिटलेलं होतं. फळीवर नीट मिटून ठेवलेलं, वरून पट्टी बांधलेली. तेव्हापासून ते मी ठेवते तसंच राहतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं.

पुढच्या शनिवारी आंटींना सांगितलं. त्यांनी मिटलेल्या पुस्तकावरून एकदा हात फिरवला. "झालं तर मग," म्हणाल्या. "आता गोष्ट तू निवड."

याचा अर्थ काय, कुणी सांगू शकत असेल तर जरूर सांगा. मी सगळ्या शक्यता तपासल्यात, माझ्याकडे उत्तर नाही. सासूबाईंकडे आहे, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं असतं.

मी सरांच्याच संग्रहातलं एक जाड पुस्तक काढलं आणि आम्ही पहिलं प्रकरण वाचलं. उठताना आंटींनी पिशवी चाचपली आणि माझ्या हातावर झावळीची एक पात ठेवली, यंदाच्या झावळ्यांच्या रविवारची.

"आता खूण तुलाच ठेवायला लागेल, बाय."

नियमात बसत नाही, कीड लागू शकते, सगळं मला माहीत आहे. मी ती पुस्तकात घातली. सावे सरांना कुणी सांगू नका.