आत्याचं गाणं ब्लॉगवरून काढलं

मंडळी, पालीच्या माझ्या आत्याचं गाणं मी आज ब्लॉगवरून काढलं.

तिचे यजमान यंदाच गेले. परवा नारळ खवताना ती एकटीच गुणगुणत होती. मी न विचारताच ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, ब्लॉगवर टाकलं आणि तुमच्या कौतुकाने हुरळून गेले.

आज मी तिच्याकडेच होते. तेवढ्यात तिच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. ऑफिसात कुणीतरी त्याला ती लिंक पाठवली होती. "आई, बाबांना जाऊन वर्षही झालं नाही, आणि गाणी कसली म्हणतेस?"

फोन ठेवून आत्या मला हळूच म्हणाली, "अगो, ह्यांना ऐकवत होत्ये."

मला तिच्याकडे बघवेना. ज्यांनी गाणं उतरवून घेतलंय, ते पुसून टाकाल का?