छान हा जबाब नव्हे

“वांगी घाल! अगं, वांगी घाल म्हणतो ना! पावशेर, उभी चिरून! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय!”

नाना गोगटे माजघरात, स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर पाटावर बसून ओरडत होते आणि आत चुलीवर साखरभात होता. तांदूळ तुपावर परतून झाले होते, लवंगा तडतडल्या होत्या, साखरेचा पाक उतरवून ठेवला होता, केशर खलात भिजत पडले होते, आणि अशा मंगल प्रसंगी ही वांगी उपटली.

“साखरभातात वांगी?” आतून लक्ष्मीकाकूंचा आवाज आला.

“पुस्तकात आहे!”

“पुस्तकात असतील. माझ्या पातेल्यात नाहीत.”

“तोळाभर काळा मसाला!” नाना हटेनात. “वरून ओलं खोबरं, कोथिंबीर!”

मी शेजारीच बसलो होतो. मान वाकडी करून पुस्तकात पाहिले, तर दोन पाने तुपाने एकमेकांना घट्ट चिकटलेली. आदल्या दिवशीचा बेसनलाडू मी त्याच जागी बसून खाल्ला होता, पण ते तेव्हा बोलायचे कारण नव्हते. नखाने पाने सोडवली. अलीकडे साखरभात होता, पलीकडे वांगीभात, आणि नानांनी मधली खाडी एका उडीत पार केली होती.

काकूंचे पातेले वाचले, पण गल्ली वाचली नाही. त्याचे असे होते की नाना ठाण्याच्या कोर्टात बेलीफ होते. सारी नोकरी वादी-प्रतिवादींचा पुकारा करण्यात गेली. त्यांनी ठाण्याला हाक मारली की कळव्याचा पक्षकार खाडीपलीकडून ‘ओ’ देई, असे म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पेन्शन घेऊन ते कल्याणला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले, तेव्हापासून दुर्गाडीच्या बुरुजावर कबुतरे राहिली नाहीत. असा हा आवाज रोज सकाळी पाककृती वाची, तेव्हा आमच्या गल्लीतल्या साऱ्या चुली त्या हुकमाने चालत. काकूंचा आवाज मात्र भिंतीबाहेर जात नसे; पुस्तकात ‘बेताने’ आले की ‘बेत कुणाचा?’ हा त्यांचा ठरलेला सवालही आतच राही. म्हणून त्या दिवशी गल्लीने वांग्यांचा हुकूम ऐकला, काकूंचा नकार ऐकला नाही, आणि घरोघर पाकातली वांगी काळ्या मसाल्यासह पानात पडली. आमच्याही पडली. आई म्हणाली, “देशावरची रीत असेल. मुकाट्याने जेव.”

दुसऱ्या दिवशी विहिरीवर प्रत्येक बाई सांगत होती, आमच्याकडे काल पिठलं होतं.

एकटी ठमी खूश होती. ठमी ही ठाकुर्लीकडची आगरीण, डोईवर भाजीची टोपली घेऊन यायची आणि नानांच्या ओटीला टेकून आधी आवाज ऐकायची, मग हाळी घालायची. “काय गो काकू, उद्याला बी नानांना वांगीच वराडायला सांग ना! माजी टोपली सकालच्याला रिकामी झाली!”

आता कोणी विचारील, पुस्तक उघडून चुलीपाशी ठेवावे, एवढा पुकारा कशाला? पण काकूंचा स्वयंपाक सोवळ्यातला. छापील पुस्तक, त्याची शाई कशाची, पुठ्ठ्याला खळ कशाची, कोणाचे हात लागलेले, देव जाणे. ते उंबरठ्याच्या आत जायचे नाही. शिवाय काकूंना अक्षरओळख नव्हती. तेव्हा पुस्तक उंबरठ्याबाहेर, चूल आत, आणि मध्ये नानांचा आवाज. तेवढा एक विटाळत नव्हता.

आणि खरी गंमत पुढे आहे. ज्या माणसाच्या तोंडून रोज बासुंदी, घीवर आणि पुरणपोळी बाहेर पडे, त्याच्या तोंडात जुन्या तांदळाची पेज आणि मुगाचे कढण याखेरीज काही जात नसे. नानांना ग्रहणी होती, पोटाचे जुने दुखणे. वैद्यबुवांनी पथ्य घातले त्याला वर्षे लोटली होती. गोड नाही, तळलेले नाही, तूप नाही. दुसरा माणूस अशा वेळी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसला असता. नानांनी मुंबईच्या छापखान्यातून पाकशास्त्राचे हे जाडजूड पुस्तक मागवले आणि चारी बाजूंनी वाचायला घेतले. पेजेचा एक घोट, अनारशांची एक ओळ. पुन्हा घोट, पुन्हा ओळ. जेवण संपवून ढेकर देत, तो अनारशाचा असे.

त्यांच्यापाशी पथ्यापथ्याचेही एक पुस्तक होते. तेही तेवढ्याच चवीने वाचत. “‘ताक जिरे लावून, पातळ करून, सावकाश घ्यावे.’ ऐकलंस? सावकाश! नुसत्या शब्दानं पोट निवलं!” मी विचारले, नाना, एक पुस्तक खा म्हणते, दुसरे खाऊ नका म्हणते, तुम्ही मानता कोणाला? तर म्हणाले, “एकात फिर्याद आहे, दुसऱ्यात बचाव. दोन्ही वाचल्याशिवाय निकाल देणारा जज्ज गाढव.”

कादंबऱ्याही वाचत, पण त्यांच्या पद्धतीने. नायिका पळवली गेली की पाने भराभरा उलटायची, आणि लग्नाची पंगत बसली की चष्मा पुसून पुढे सरकायचे. एकदा एका ग्रंथकर्त्यावर इतके चिडले की पुस्तक माझ्या अंगावर टाकले. “सात दिवस हा नायक अरण्यात भटकतो, विरहाची तीन गाणी म्हणतो, आणि खाल्लं काय याचा कुठे उल्लेख नाही! हा मेलेला आहे, विसू. हे पुढचं सगळं भूत बोलतंय.” तेव्हापासून मला कुठलीही कादंबरी नीट वाचता येत नाही. नायकाने शपथ घेतली की मी त्याच्या जेवणाची वेळ मोजू लागतो.

या घरातली माझी जागा अशी की मी नानांची जीभ होतो. मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत उमेदवारी करीत असे, म्हणजे काम पूर्ण आणि पगार शून्य. पण माझी जीभ नानांकडे पूर्ण पगारावर होती. काकूंनी केलेला पदार्थ देवाला दाखवायचा, मग वाटीभर माझ्यापुढे ठेवायचा, आणि मग उलटतपासणी.

“कसं झालंय?”

“छान!”

“छान हा जबाब नव्हे. चोरही छान असतो. दाताखाली काय आलं? आधी गोड लागलं की आधी वास आला? गिळल्यावर काय राहिलं?”

“वेलदोडा.”

“कुठे राहिला? जिभेवर की टाळ्याला?”

मी डोळे मिटून शोधी. नाना माझ्या गळ्याकडे पाहत बसलेले असत, आणि मी गिळले की त्यांचाही कंठ वर जाऊन खाली येई. पदार्थात काही उणे निघाले तर जास्त आनंद. “मीठ हा साक्षीदार आहे, विसू. गप्प राहिला तरी खटला गेला, फार बोलला तरी गेला. बोल, आज काय केलं त्यानं?” मग मिठावर अर्धा तास चाले. नुसते चांगले झाले म्हटले की बिचाऱ्यांना पुढे बोलायला जागाच राहत नसे. आज मी चार ओळी बऱ्या लिहितो असे लोक म्हणतात. काय लिहायचे ते शाळेत शिकलो असेन. कसे पाहायचे ते त्या वाट्यांमध्ये शिकलो.

एकदा मी सहज म्हणालो, “माझीच साक्ष रोज कशाला? काकूंना विचारा की.” काकू आतून म्हणाल्या, “मला गोड बाधतं.” घरी येऊन आईला सांगितले, तर आई भाजी चिरता चिरता थांबली. “बाधतं कुठलं? नानांचं सुटलं त्या दिवसापासून तिनंही सोडलंय. बोलू नकोस हो कुठे. त्यांनाही ठाऊक नाही.” तेव्हापासून ती वाटी हातात घेताना मला जरा जड लागू लागली. खायची मात्र सोडली नाही, हेही सांगितले पाहिजे.

पुढे एका हिवाळ्यात नानांचा आवाज बसला. आधी गल्लीपर्यंत जाईना, मग ओटीपर्यंत, मग चुलीपर्यंतही. माणूस अंथरुणाला खिळला. गल्लीत जो तो आपापल्या मनाने स्वयंपाक करू लागला आणि आमटीला काही म्हणता काही चव राहिली नाही. ठमी टोपली उतरवून वाट बघे आणि न ओरडताच पुढे जाई.

एके दिवशी वैद्यबुवांनी नाडी पाहिली, ओटीवर येऊन हात धुतले आणि काकूंना म्हणाले, “आता पथ्याची गरज नाही. मागतील ते द्या.”

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो. काकू आत गेल्या आणि रोजच्यासारखी पेज केली. दुसऱ्या दिवशीही पेजच. मी म्हणालो, “काकू, वैद्यबुवा तर म्हणाले...”

“मला ऐकू आलं होतं ते,” काकू म्हणाल्या. “पण ताटात गोड दिसलं की यांना कळेल.”

आणि खरेच, नाना ते एकच पाहत होते. दुपार झाली की मान उचलून काकूंच्या हातातल्या वाटीकडे बघत. पेज दिसली की डोके उशीवर टेकत. एकदा माझ्या कानाशी कुजबुजले, “पेज म्हणजे तारीख पडली. पेज बंद म्हणजे निकाल. अजून तारखा पडताहेत, विसू.”

मग एका सकाळी त्यांनी काकूंना जवळ बोलावले आणि म्हणाले, “आज साखरभात कर.”

काकूंचा चेहरा पांढरा पडला. करून वाढला तर निकाल आपल्या हाताने सांगितल्यासारखे, आणि नाही केला तर माणसाचे शेवटचे मागणे टाळल्यासारखे. पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या उभ्या राहिल्या. मग स्नान करून सोवळे नेसल्या, चूल पेटवली आणि आतून मला म्हणाल्या, “विसू, वाच.”

“काकू, तुम्हाला तर पाठ आहे.”

“मला आहे. तू वाच. मोठ्यानं.”

मी नानांच्या पाटावर बसलो, चिकटलेली पाने आधी तपासली आणि वाचू लागलो. माझा आवाज तो काय, नानांच्या आवाजापुढे चिलटाची गुणगुण. तरी गल्लीतली भांडी वाजायची थांबली. ठमी ओटीपाशी आली, तिने टोपली खाली ठेवली आणि हाळी घातली नाही. माजघरातल्याच पलंगावर नानांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. ‘मीठ बेताने घालावे’ इथे मी आलो, तसा आतून काकूंचा रोजचा सवाल आला, “बेत कुणाचा?” पण तो मोठ्याने आला, गल्लीत ऐकू जाईल इतका. नाना हसले.

भात झाला. देवाला दाखवला. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पेजेची वाटी होती आणि दुसऱ्या हातात साखरभाताची. दोन्ही त्यांनी नानांपुढे ठेवल्या आणि खाली मान घालून बसल्या.

केशराचा वास साऱ्या माजघरात भरला होता. मूद पिवळीधमक, वर बेदाणा. नाना वाटीकडे पाहत राहिले. त्यांचा कंठ वर गेला, खाली आला. मी आजवर मोठमोठे खटले पाहिले आहेत, एकदा तर खुनाचा पाहिला, पण एवढी शांतता कोणत्याही कोर्टात नव्हती.

नानांनी हात पुढे केला, आणि पेजेची वाटी आपल्याकडे ओढली.

“तारीख घेतो,” म्हणाले. मग साखरभाताची वाटी दोन बोटांनी काकूंकडे सरकवली. “तू खा. आणि जबाब दे. रोज ह्या गाढवाची साक्ष ऐकून कंटाळलो.”

“मला गोड...”

“बाधत नाही. ठाऊक आहे मला. बेलीफ होतो मी, आंधळा नव्हतो. खा.”

काकूंनी घास घेतला. किती वर्षांनी, ते त्यांनाच माहीत. त्या चावत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना जे यायचे ते आले.

“हं,” नाना म्हणाले. “बोल. छान म्हणालीस तर याद राख.”

काकूंनी घास गिळला. नानांकडे नीट पाहिले. “फडफडीत झालाय,” त्या म्हणाल्या. “पाक आत मुरलाच नाही. साखर वरच राहिली. लवंगही एक जळलीय, कडू लागतंय मागून.”

नानांचा चेहरा असा उजळला, की मी वाढवून सांगत नाही, अंधाऱ्या माजघरातला दिवसाही जळणारा कंदील विझवला असता तरी चालले असते. “घाई!” ते त्या फाटक्या आवाजात जेवढे ओरडता येईल तेवढे ओरडले. “पाक एकतारी हवा! आणि मंदाग्नी! शंभरदा वाचलं मी, मंदाग्नी! ऐकेल तर शपथ! बरं झालं, मी खाल्ला नाही ते!” आणि असे बोलत बोलत, एकेक घोट घेत, त्यांनी सारी पेज संपवली. कित्येक दिवसांत संपवली नव्हती. वर ढेकरही दिला.

त्यानंतर ते थोडेच दिवस होते. शेवटपर्यंत पेजच घेतली. निकाल लागला तेव्हा झोपेत लागला, पुकारा झाला नाही.

दिवसवार झाले, माणसे आली, गेली. एका दुपारी मी गेलो तर काकू ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत होत्या. पुस्तक कोनाड्यात होते, उंबरठ्याबाहेरच. मी शेजारी बसलो. शेवटी राहवेना.

“काकू,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी पातेलं खरवडून खाल्लं होतं. मला काही जळकी लवंग लागली नाही. खरं सांगा, तो भात कसा झाला होता?”

काकूंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“छान झाला होता,” म्हणाल्या.