मी ‘ऊन लागलं’ म्हणालो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबर शिकलेल्या मित्रांना नाही. आज सकाळी पहिल्यांदा एका घरी जाऊन सांगून आलो, आणि आता तुम्हाला सांगतो आहे — तोंड उघडलंच आहे, तर ते पुन्हा मिटायच्या आत.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात माझा दवाखाना आहे, सेनगावच्या जीपा भरतात त्याच्या समोर. पेशंट भरपूर. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणतात. हे ऐकायला फार गोड लागतं हो! आणि त्या एका वाक्यासाठी माणूस काय काय करतो — तेच सांगायचं आहे.

सुनंदा मॅडम आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे मिस्टर भीमराव, समोरच्याच स्टँडवर जीप चालवणारे. दोघांचा माझ्यावर फार भरवसा. एका उन्हाळ्यात मॅडम निवडणुकीच्या ड्युटीवरून कंबर धरून आल्या. मी दुखण्याचं नेहमीचं इंजेक्शन दिलं, डायक्लोफेनॅकचं. पूर्वी कुठल्या औषधानं त्रास झालाय का, हे विचारलं नाही. बाहेर बाकडी भरलेली होती, विचारतो कोण? त्या उठल्या आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या. अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. “गळा आवळून राहिला, सर,” एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या. नाडी हाताला लागेना.

मी त्यांच्या मांडीत ॲड्रेनालिन दिलं. उन्हाच्या त्रासाला कुणी ॲड्रेनालिन देत नाही. म्हणजे काय झालंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं — औषधाची ॲलर्जी, तीही जिवावरची. हळूहळू नाडी भरली. सलाईन लावलं. मॅडम डोळे उघडून बघायला लागल्या. तेवढ्यात भीमराव धावत आले. दारात अर्धं गाव उभं.

“काय झालं, सर? सुई दिल्यावरच झालं म्हणून राहिले लोक.”

मी दाराकडे बघितलं. भीमरावांकडे नाही — दाराकडे, त्या गर्दीकडे. आणि म्हणालो, “ऊन लागलं. दिवसभर उन्हात होत्या ना.”

भीमरावांनी हात जोडले. सर होते म्हणून वाचली, असं सगळ्या स्टँडवर सांगत फिरले. मी ते सांगू दिलं.

मॅडमनी मात्र ऊन मनावर घेतलं. छत्रीशिवाय घराबाहेर पाऊल टाकेनात. थंडीतल्या कोवळ्या उन्हातसुद्धा छत्री! पोरं मागून हसायची. शाळेची प्रार्थना त्यांनी मैदानातून लिंबाखाली नेली, लेकरांना ऊन लागू नये म्हणून. शेतात जाणं सोडलं. रोज सकाळी माझ्या खिडकीसमोरून ती छत्री जायची. माझ्या खोट्याचं पथ्य ती बाई पाळत होती, आणि मी आतून बघत होतो.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. भीती होती, गर्दी होती. पण मला जे सांगायचं आहे, ते याच्या पुढचं आहे.

आम्हा डॉक्टरांना नोंदणी टिकवायची तर अधूनमधून शिकायला जावं लागतं. सीएमई म्हणतात त्याला. बहुतेकजण सही करतात, जेवतात, मागच्या रांगेत बसून मोबाइल बघतात. मीही तसाच. पण त्या वर्षी हिंगोलीतल्या सीएमईचा विषय होता ॲलर्जी — ओळखायची कशी, उपचार काय. मी पहिल्या रांगेत बसलो. का बसलो असेन?

नांदेडहून आलेल्या डॉक्टर बाई फार सोपं बोलल्या. ॲड्रेनालिन देऊन पेशंट वाचवलात, तर अर्धं काम झालं, म्हणाल्या. उरलेलं अर्धं म्हणजे त्या माणसाला औषधाचं नाव सांगणं. त्याला, त्याच्या घरच्यांना, स्पष्ट. कागदावर लिहून खिशात ठेवायला देणं. कारण तेच औषध पुन्हा पोटात गेलं, तर दर वेळी वाचवायला कुणी जवळ असेलच असं नाही.

मी हात वर केला. “पेशंट घाबरून जातात हो मॅडम. मग सांगायचं कसं?”

त्या हसल्या. “पेशंट घाबरतात, की आपण?”

हॉल हसला. मीही हसलो.

परत आलो आणि दवाखान्यात पाटी लावली. ‘कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.’ पाटी लावली — बघा. समोरच्या गल्लीतलं मॅडमचं घर मात्र मला चालत गाठता आलं नाही.

थोड्याच दिवसांनी मॅडम खोकल्यासाठी आल्या. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, पाटी मोठ्यानं वाचली, शिक्षिकाच त्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, “सर, मला न्हाई ना कशाची?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. गर्दी नव्हती. घाई नव्हती. सगळं शिकून आलो होतो.

मी म्हणालो, “नाही.”

हो म्हणालो असतो, तर त्यांनी विचारलं असतं, कधीपासून माहीत आहे? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. बास. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

पुढच्या वर्षी त्या लेकीकडे वाशिमला गेल्या होत्या. दाढ दुखायला लागली. मेडिकलवाल्यानं गोळी देताना विचारलं होतं, ॲलर्जी आहे का. लेकीनं मला नंतर सांगितलं. मॅडम त्याला म्हणाल्या, “न्हाई, आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.” गोळी त्याच औषधाची होती. दवाखाना गाठेपर्यंत मेंदूला रक्त कमी पडलं. त्या वाचल्या. पण आता शब्द उशिरा येतात, अर्ध्या वाटेत हरवतात. उजवा हात थरथरतो. शाळा सुटली.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेलो. वाशिमच्या डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहून दिलं होतं. भीमराव माझ्यासाठी खुर्ची पुसत म्हणाले, “सर, तवा तुमालाच कळलं न्हाई, तर आमाला काय कळावं!”

मी मान हलवली.

माझा गुन्हा विचाराल, तर ती हललेली मान. त्या माणसानं माझ्यासाठी सुटकेचा दरवाजा स्वतःच्या हातानं उघडून धरला, आणि मी त्यातून चहा पिऊन बाहेर आलो.

यंदाच्या सीएमईत औषधांच्या ॲलर्जीवर मी बोलावं, असं संघटनेनं कळवलं. काल दुपारी भाषणाची तयारी करत होतो. ‘रुग्णाला औषधाचं नाव सांगा’ हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. कागद मिटून ठेवला. आधी मॅडमच्या घरी सांगायचं, तेव्हाच ठरवलं.

आज सकाळी गेलो. मॅडम ओट्यावर होत्या, भीमराव जीप धूत होते. मी भीमरावांना बोलावलं, उभ्यानंच बोललो. तवा मला कळलं होतं, म्हणालो. त्याच दिवशी. आणि मॅडमनी विचारलं, तेव्हाही माहीत होतं.

भीमरावांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. “काहून?” ते म्हणाले. “काहून, सर?”

माझं नाव जाईल म्हणून, मी म्हणालो. ते वळले, नळ बंद केला आणि पाठमोरेच उभे राहिले.

मॅडम बराच वेळ शब्द शोधत होत्या. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या, तर मी ऐकून घेतल्या असत्या.

“दुसऱ्या... कुणाचं,” त्या म्हणाल्या, “असं... केलं?”

मला खोटं बोलता आलं असतं. अजूनही आलं असतं, हे सांगून ठेवतो.

“एकाचं. कनेरगाव नाक्याला ढाब्यावर एक आचारी आहे. मी दिलेल्या औषधानं त्याचं तोंड सुजलं होतं. मी पित्त म्हणालो.”

“त्याला... म्हाईत?”

“नाही.”

त्यांनी थरथरता हात उचलला आणि रस्त्याकडे केला. “मग हितं... काय करून राहिले? जा.”

मी निघालो. दवाखाना उघडला नाही. कनेरगावच्या रस्त्याला गाडी उभी करून तुम्हाला हे सांगतो आहे. ढाबा समोर दिसतो आहे. आचारी भट्टीशी उभा आहे. मी उतरतो.