सासूबाईंचा आवाज आणि नवी विंडोज

मैत्रिणींनो, आज जुन्या कॉम्प्युटरची विंडोज बदलून घेतली. जिवाची नुसती घालमेल! कॉम्प्युटरमध्ये दिवंगत सासूबाईंनी सांगितलेल्या शुक्रवारच्या कहाणीचं रेकॉर्डिंग होतं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

देवळालीहून भाची आली. "मामी, आधी पेन ड्राइव्हवर कॉपी घेते, मगच जुनं पुसते."

कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्ह मी देवापुढे ठेवला.

"देव बॅकअप सांभाळतात होय?"

"तू तुझं काम कर."

दोन तासांनी कहाणी लावली. आमच्याकडे सांगणारी थांबली, की ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. सासूबाई थांबल्या. मी म्हणणार, तोच खाटेवरून सासरे म्हणाले, "हूं."

पुढचे सगळे हुंकार आम्ही त्यांनाच देऊ दिले.

तुमच्याकडे कुणाचा आवाज आहे? कॉपी काढलीत का?