बूट घातलेला पाय

आमच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नाही. ती दूर पाण्यात उभी राहते आणि पडावातून (मोठ्या होडीतून) तिच्यापर्यंत जावं लागतं. माझा धाकटा भाऊ दत्तू फौजेत होता. काश्मीरच्या सरहद्दीवर सुरुंगाने त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. दोन खलाशांनी त्याला कुबड्यांसकट उचलून बोटीवर चढवलं, तेव्हा त्याने मान फिरवून घेतली.

बोट सुटल्यावर तो म्हणाला, "आक्का, ह्या खेपेक पाय बसलो नाय, तर माका परत खंय नेव नको. मी आपलो ओटीवर बसान ऱ्हवतलंय."

आधीचा लाकडी पाय गुडघा सोलून काढायचा. तो केव्हापासून गोठ्यात खुंटीला लटकत होता. शेवटचा प्रयत्न म्हणून मी त्याला मुंबईला नेत होते. मी मुळात घाबरट, त्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटल्याच्या बातम्या रोज कानावर येत होत्या. बोटीत डोळ्याला डोळा लागला नाही.

भाऊच्या धक्क्यावरून व्हिक्टोरियाने (घोडागाडीने) आम्ही थेट परळला गेलो. भिंती न् भिंती खडूच्या घोषणांनी भरल्या होत्या. पाय बनवण्याच्या कारखान्यात कातड्याचा आणि रोगणाचा वास कोंडला होता. दत्तूची राहायची सोय तिथेच झाली, मी लालबागला आतेकडे उतरले. रोज दुपारी जाऊन मी कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. मोठ्या आरशासमोर दोन लोखंडी कठडे होते आणि त्यांच्यामधून मुलखामुलखाचे जवान लहान मुलासारखे पाऊल टाकायला शिकत होते. वरळीच्या बीडीडी चाळीतले कांबळे त्यात सगळ्यांत जुने.

"दत्तूभाऊ, खाली काय बघतो रे? पाय काय पळून जाणार हाय? समोर बघ. जिना चढताना चांगला पाय पुढं, उतरताना लाकडाचा. बस्स, एवढंच."

दत्तू हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. मला मात्र आनंद झाला तरी आधी भीतीच वाटते.

निघायच्या दिवशी तिथल्या मिस्त्रींनी बजावलं, "हा बूट काढायचा नाही. त्याच्या टाचेवरच पायाचा तोल बसवलाय." आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या.

नेमका त्याच दिवशी हरताळ. ट्राम बंद, व्हिक्टोरिया नाही. लालबागपर्यंत चालत जायचं ठरलं. अर्ध्या वाटेत मोर्चा आडवा आला, मागून पोलिसांची गाडी आली, आणि माणसं एकदम पळत सुटली. अश्रुधुराने डोळे चुरचुरू लागले. मी दत्तूचा दंड धरून ओढायला लागले.

"वढू नको आक्का. वढलंस तर मी पडतलंय."

एका बंद दुकानाच्या फळ्यांना पाठ लावून तो उभा राहिला. त्याच्यापुढे मी. माणसं धक्के देत गेली. मी देवाचं नावसुद्धा विसरले होते. रस्ता रिकामा झाल्यावर पाहिलं, तर तो त्याच पायावर उभा होता. मला वाटलं, आता सुटलो.

आतेच्या चाळीचा जिना तो कांबळ्यांनी शिकवल्याप्रमाणे चढला. आतून बांगड्याच्या तिखल्याचा (झणझणीत कालवणाचा) वास येत होता. उंबऱ्याशी तो वाकला, दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून भिंतीशी नीट लावले आणि पाऊल टाकलं. जन्माची सवय, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. लाकडी पाऊल टाचेविना मागे कलंडलं आणि तो गॅलरीच्या कठड्यावर आदळला.

लागलं नव्हतं. पण बूट परत चढवून तो तिथेच गॅलरीत बसला. आत देव, आत चूल.

"तुमी जेवा," तो म्हणाला. "हो पाय भायरचोच."

मला रडू आलं. एवढं सगळं करून तो गोठ्यातल्या खुंटीपाशीच परत आला होता.

आतेने पाण्याचा तांब्या आणि ओलं फडकं आणलं. त्याच्या उजव्या पायातला बूट काढून तिने पावलावर पाणी घातलं. मग डावा पाय बुटासकट मांडीवर घेतला आणि वरून, खालून, तळवासुद्धा पुसून काढला.

"भायर काढतत ता पायतान (चप्पल-जोडे). पाय कोण भायर ठेवन येता? ऊठ, जेवान थंड होता."

तो उठला. एका पायात बूट नसल्याने थोडा तिरका चालत आत गेला आणि आतेच्या ट्रंकेवर बसून पोटभर जेवला.

परतीच्या बोटीत मला पुन्हा घोर लागला. आमची आई सोवळ्याची. घरी पोचलो, तर आम्ही येणार म्हणून तिने माजघर नुकतंच सारवलं होतं, जमीन अजून ओली होती. दत्तू खळ्यातून (अंगणातून) चालत आला. उंबऱ्याशी बसून त्याने स्वतःच उजवा पाय धुतला, डावा बूट पुसला, आणि आईकडे न बघता आत गेला. ओल्या सारवणावर उमटत गेलं: एक पाऊल, एक बूट, एक पाऊल, एक बूट.

ठसे पुसायला मी घाईघाईने सारवणाचा बोळा उचलला. अश्रुधुरात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली.

आईने माझा हात धरला.

"ऱ्हवांदेत," ती म्हणाली. "चलत इलो तो."