चिमट्याचं निदान

बाजारात त्याला सगळे चिमटा म्हणत. खिशात कायम बारीक चिमटा असायचा म्हणून, आणि बोलणंही कातडी धरून पिळल्यासारखं असायचं म्हणूनही. जन्मभर त्याने कॉम्प्युटर दुरुस्त केले, त्यातही ते जुने पोर्टेबल, सुटकेसएवढे, मुठीला धरून उचलताना खांदा निखळेल असे. कोणी जिवापाड जपलेलं यंत्र पुढ्यात ठेवलं, की हा झाकण उघडायचा, आतला वास घ्यायचा आणि म्हणायचा, "गेलंय. रडून घ्या." त्यानंतर कोणी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. चिमट्याने गेलं म्हटलं म्हणजे गेलंच.

बायको वारल्यावर तो आधी मुलीकडे राहिला. तिथे हॉलमधला दिवाण वाट्याला आला. जावयाचा टीव्ही बंद होईपर्यंत म्हाताऱ्याने बसल्या जागी पेंगायचं आणि पाहुणे आले की गादी गुंडाळून गॅलरीत उभं राहायचं. नंतर मुलाने आपल्याकडे आणलं आणि मागची खोली दिली. खाट, खिडकी आणि दाराला आतून कडी. पुन्हा त्या दिवाणावर जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो सगळ्यांदेखत सांगायचा.

मग मुलाच्या डोक्यात खूळ शिरलं. जुने पोर्टेबल आता हौशी लोक शोधत फिरतात, आणि एका दिवाळं निघालेल्या कॉम्प्युटर क्लासच्या तळघरात सात पडलेत, सगळे बंद.

"बाबा, तुम्ही बघून सांगा. दुरुस्त होणार असतील तरच घेऊ. नाहीतर क्लासचा मालक भंगारात घालतोय."

चिमटा खुशीत तयार झाला. पण तळघरात जायच्या आदल्या दिवशी सून टेप घेऊन त्याच्या खोलीत आली आणि खिडकीखालची भिंत मोजायला लागली.

"काय गं, कपाट घेताय का?"

"आधी त्या यंत्रांचं ठरू दे, मग सांगते," असं म्हणून ती गेली.

चिमट्याच्या मनात पाल चुकचुकली. सात धूडं ठेवणार कुठे? इथेच. मग आपली रवानगी कुठे, हे वेगळं सांगायला नको. मुलाला सरळ विचारलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण नुसत्या वासावर निकाल द्यायची सवय लागलेला माणूस कोणाला काही विचारत नाही.

तळघरात त्याने पहिलं झाकण उघडलं. बॅटरी गळली होती, पण तो हिरवट थर कप्प्यातच थांबला होता. बोर्ड स्वच्छ. दुसऱ्याची नुसती वायर सुटलेली. तिसऱ्याची बिजागरी तेवढी मोडलेली. त्याची बोटं शिवशिवली. कित्येक वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद त्याला झाला, आणि त्या आनंदाचाच राग आला. उरलेली झाकणं त्याने उघडल्यासारखी करून धडाधड मिटली.

"गेलेत. सगळेच. बॅटरीने आतून बोर्ड खाल्लेत."

"एखादा तरी, बाबा?"

"एकही नाही. रडून घे."

मुलाचा चेहरा पडला. मालकाने मान डोलावली. चिमट्याचं नाव त्याच्याही कानावर होतं.

रात्री चिमटा पोटभर जेवत होता. मुलगा ताटाकडे बघतच म्हणाला, "बाबा, परवा तुम्हाला ताईकडे सोडतो."

"का? आता काय झालं?"

"मागची खोली भाड्याने देतोय. यंत्रं आली असती तर तुम्ही दुरुस्त केली असतीत, घराला हातभार लागला असता. आता नुसतं बसवून ठेवणं आम्हाला परवडत नाही."

"तुमच्या कामाच्या टेबलासाठी मापसुद्धा घेतलं होतं मी," सून म्हणाली.

चिमट्याने हातातला घास ताटात टाकला.

"अरे, मी खोटं बोललो! चांगले आहेत ते. चल, तुझ्यासमोर एक चालू करून दाखवतो."

"कुठे चल? तुमच्या शब्दावर मालकाने संध्याकाळीच सगळे घणाने फोडले. फोन आला होता त्याचा."

"तुझी शपथ! बोर्डाला डागसुद्धा नव्हता रे!"

मुलाने त्याच्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला बापाची कीव आली होती.

"पुरे, बाबा. तुमचं निदान कधी चुकलंय का? एका खोलीसाठी असं खोटं बोलू नका. शोभत नाही तुम्हाला."

सून माळ्यावरची बॅग काढायला उठली.