भोकाच्या पुठ्ठ्यावरचं कौतुक

आजवर मला शिव्या देणारी माणसं पुष्कळ भेटली आणि त्यांच्याशी माझं उत्तम जमलं. पण निव्वळ कौतुकाच्या जोरावर माझं डोकं फिरवणारा माणूस एकच भेटला. तो म्हणजे आमच्या चादरीच्या कारखान्यातले तपासनीस. सगळे त्यांना मामा म्हणत. इतका संतापजनक सज्जन सोलापुरात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याने कृपा करून माझ्यासमोर बसू नये.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी माल रवाना करणारा कारकून आणि माझ्यासमोर मामांचं लांबलचक तपासणीचं टेबल. मागावरून उतरलेली प्रत्येक चादर त्यांच्यापुढे पसरायची आणि त्यांनी तिच्यात चूक शोधायची. तुटलेली तार, सुटलेली वीण, सरकलेली नक्षी. चूक सापडली की चादर विणकराकडे परत आणि त्याची मजुरी कापलेली. म्हणजे या माणसाला पगार कशाचा? खोड काढण्याचा! आणि हा गृहस्थ करायचा काय? नक्षीसाठी मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे चढवतात. ते झिजले की भंगारात जातात. मामा ते उचलून आणायचे, विड्याच्या पानाएवढे तुकडे कापायचे, भोकं चुकवत चुकवत त्यावर सुबक अक्षरात लिहायचे, एका भोकातून रंगीत सुताचा गोंडा ओवायचे आणि ती चिठ्ठी नापास चादरीला बांधून द्यायचे. "नरसय्या, मोराची मान फार ऐटदार आली आहे. शेपटीकडे एकदा बघावे." अहो, ही नापसंती की लग्नाची पत्रिका!

नरसय्या हा आमचा तेलुगू विणकर, हाडाचा कारागीर पण घाईचा. त्याने या चिठ्ठ्या मागावर ओळीने टांगल्या होत्या. जितक्या चुका तितके गोंडे. बाहेरगावचा एक व्यापारी ते तोरण बघून इतका खूश झाला, की म्हणाला, "मला याच मागावरचा माल द्या." मी कपाळावर हात मारून घेतला.

बरं, विणकरांपुरतं ठेवावं की नाही! नाही. पहारेकऱ्याला चिठ्ठी, "तुमचा रामराम मालकाला आणि हमालाला सारखाच असतो." कांड्या भरणाऱ्या शांताबाईंना चिठ्ठी, "तुमच्या हातचे सूत कधी गुंतत नाही. सुनेने शिकून घ्यावे." शांताबाईंनी ती नेमकी चुलीसमोरच्या भिंतीला लावली. सून रुसून करमाळ्याला माहेरी निघून गेली. मी मामांना म्हटलं, "बघा, संसार मोडायला निघालात." तर सून परत यावी म्हणून त्यांनी सुनेलाही एक चिठ्ठी लिहिली. तिने केलेल्या शेंगाच्या चटणीवर. आणि ती आली की हो परत! अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

आता माझं ऐका. मी रात्रंदिवस राबून गाठोडी वेळेवर रवाना करायचो, एक गठ्ठा कधी चुकीच्या गावाला गेला नाही. त्याबद्दल या माणसाने अवाक्षर लिहिलं असेल तर शपथ. मला चिठ्ठी आली ती अशी, "भाऊसाहेब, तुम्ही फार रागावता, पण कोणाच्या आईबापावर जात नाही." माझ्या उभ्या नोकरीचं हे फळ! मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेलो. "मामा, हे काय कौतुक झालं? आणि तुमचं काम चुका काढायचं आहे ना?"

मामा मूळचे वैरागचे. कडक भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "अवो भाऊसाहेब, चूक आपली आपन वरडती की. चांगलं असतंय ते मुकं असतंय. त्येच्या वतीनं कुनीतरी बोलाय नको?"

मी आणखीच रागावून पाय आपटत माझ्या जागेवर परत आलो.

मालकांनाही त्यांनी सोडलं नाही. खंडेनवमीला मागांची पूजा झाल्यावर मालक दरवर्षी भाषण ठोकत. एका वर्षी घसा बसल्यामुळे ते लवकर आटोपलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गादीवर गोंडा. "यंदाचे भाषण सर्वांना आवडले. नेमके होते." मालक लालबुंद झाले. तेव्हापासून ते मामांवर डूख धरून होते.

आणि त्यांना कारण मिळालं. मामा चादर नाकाशी धरून बघू लागले. विचारलं तर म्हणायचे, "हल्ली उजेड कमी झालाय." भर मे महिन्यात, सोलापुरात, दुपारी बाराला उजेड कमी! माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि हे उन्हाला नावं ठेवत होते. म्हातारपणी दुसरी नोकरी देणार कोण? मामी गेलेली, मूलबाळ नाही, हा कारखाना हेच त्यांचं घर. मी मनातून हादरलो. पण नवल असं की चुका पूर्वीइतक्याच सापडत होत्या. एकही खराब चादर माझ्यापर्यंत येत नव्हती.

एकदा मी नीट बघितलं. मामा काठावरून बोटं फिरवत, एका जागी थांबत आणि तिथे बरोबर चूक निघे. त्या जागी काठाला लाल सुताचा बारीकसा तुकडा बांधलेला असे. विणकर स्वतः बांधत होते! जे लोक पूर्वी चूक घडीत दडवायचे, तेच आता खुणा करून देत होते. मी नरसय्याला गाठलं. "अरे, अक्कल गहाण टाकलीस का? तुझीच मजुरी कापली जाणार!"

"कापू दे की साहेब," तो म्हणाला. "मामा गेलं तर दुसरा चेकर यील. त्यो नुस्ती चूक दाखवंल. मोर कोन बघंल?"

आणि ही गोष्ट अख्ख्या कारखान्याला ठाऊक होती. समोर बसणाऱ्या मला मात्र कुणी सांगितली नव्हती. याचा राग मला अजून आहे.

शेवटी मालकांच्या कानावर गेलंच. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नरसय्याच्या मागावरून चादर परस्पर उतरवून आणली आणि सगळ्यांसमोर टेबलावर टाकली. "सांगा मामा, चूक कुठं आहे?" धागा बांधायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. मामांची बोटं काठावरून गेली, परत आली, पुन्हा गेली. नरसय्या पुढे सरकला, तसे मालकांनी डोळे वटारले. मामांनी दोन्ही हात चादरीवर सपाट ठेवले.

"मालक, चूक मला दिसंना. माझं डोळं गेलं, हे खरं हाय. पर वीण लई घट्ट बसलीय. ज्याची आसंल त्येला तेवढं सांगा."

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

मग मात्र माझा ताबा सुटला. सगळ्या कारखान्यादेखत मी मालकांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. माणसं अशी फेकतात का, भंगारात? त्यांच्या तीर्थरूपांचा उद्धार अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात ती मेली चिठ्ठी आठवली आणि मी तो गिळला. मालक एवढंच म्हणाले, "तुम्ही तुमचं टेबल बघा." मामा वैरागला पुतण्याकडे जायला निघाले. माझ्या बोलण्याचा काडीइतका उपयोग झाला नाही.

मामा जाण्याआधी विणकरांनी त्यांच्यासाठी एक चादर विणली. पाठवायचं काम अर्थातच माझं. बांधताना बघतो तो काय, काठाला लाल धागा! माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "नरसय्या, निदान ही तरी बिनचूक विणायचीस! म्हाताऱ्याला निरोपाला खराब चादर देतोस?" मी ती उजेडात धरली, उलटसुलट केली, इंच न् इंच पाहिली. चूक काही सापडेना.

"चूक न्हाय साहेब तितं," नरसय्या खाली बघत म्हणाला. "धाग्याच्या सरळ रेषेत मोर हाय. मामाच्या हाताला गावावा म्हनून बांधलाय."

मी चादरीची घडी घातली. धागा वरच्या बाजूला राहील अशी. त्या दिवशी मी कुणावरच रागावलो नाही.